आईच्या हातावरची साय

माझी आई कराडात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालते. तिचं नाव कांचन परीट, पण ते मतदार यादीपुरतं. गावाला ती कांचनमावशी म्हणूनच माहीत आहे. सोमवार पेठेपासून विद्यानगरपर्यंत आज जी पोरं कॉलेजात मिरवतात, त्यांतली निम्मी तरी कधीकाळी तिच्या पायांवर आडवी पडून बोंबललेली आहेत.

या धंद्यानं तिच्या हातांचं काय केलं ते मी लहानपणापासून पाहत आले. दिवसाला सहा-सात घरं. प्रत्येक घरी कढत पाणी, साबण, डाळीचं पीठ, पुन्हा पाणी. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, तळव्याच्या रेषा चिरत जायच्या आणि थंडीत त्यांतून रक्त यायचं. रात्री ती हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून निजायची. लिंबू पिळायचं असलं की मला हाक मारायची. एसटीत शेजारी बसलेल्या बायका तिचे हात बघून अंग चोरून घ्यायच्या आणि ती हात पदराखाली घ्यायची. मला दोघींचाही राग यायचा.

आणखी एका गोष्टीचा राग यायचा, तो म्हणजे वासाचा. दर रविवारी आई लोखंडी कढईत तिळाचं तेल तापवायची, त्यात मूठमूठ मेथीदाणे आणि ओवा टाकून ते काळे होईपर्यंत उकळायची. ते तेल गाळून आठवडाभर पुरायचं. तो वास माझ्या वह्यांना, युनिफॉर्मला, केसांना लागायचा. वर्गात मला ‘मेथी’ म्हणत. बारावीनंतर वसतिगृहात गेले तेव्हा पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि मनाशी ठरवलं, हा वास आता आपल्या आयुष्यातून गेला. पुढं जे घडलं त्यात या ठरवण्याचा वाटा मोठा आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि शिरवळकडच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला लागले. तिथं मला ‘साय’ भेटली.

साय म्हणजे काय हे सांगायचं तर आधी कातडी म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर भिंतीसारखा असतो. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा. त्यांच्या मधला गिलावा स्निग्ध पदार्थांचा असतो आणि त्यातला मोठा भाग सेरामाइड नावाच्या पदार्थांचा. हा गिलावा शाबूत असला तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. कढत पाणी आणि साबण विटांना फारसं काही करत नाहीत, ते गिलावा धुऊन नेतात. मग भिंत गळायला लागते, चिरते. सेरामाइड घातलेली मलमं बाजारात कितीतरी वर्षांपासून आहेत आणि चांगली आहेत. पण दिवसातून सात वेळा कोपरापर्यंत हात धुणाऱ्या बाईच्या हातावर मलम टिकणार किती?

आमच्या परदेशातल्या मुख्य प्रयोगशाळेनं म्हणून एक वेगळाच उपाय काढला. प्रत्येकाच्या कातडीवर राहणारा एक साधा, निरुपद्रवी जीवाणू घेतला आणि त्याच्या जनुकांत फेरफार करून त्याला सेरामाइड बनवायला शिकवलं. मलम धुतलं की जातं, हा मात्र भेगांत ठाण मांडून बसतो आणि रात्रंदिवस गिलावा करत राहतो. दुधावर साय धरावी तसा हातावर नवा थर धरतो, म्हणून हे नाव.

असा जीव मोकळा सोडायचा नाही, म्हणून त्याला कुलूप होतं. एक दुर्मीळ अमायनो आम्ल त्याला स्वतःला बनवता येत नव्हतं. ते ट्यूबमधल्या मलमातून मिळत राहिलं तरच तो जगायचा. मलम थांबलं की चौथ्या दिवशी खलास. ते आम्ल माणसाच्या कातडीवर कुठंच सापडत नाही, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं. त्या पत्रकाच्या मराठी प्रतीवर तपासनीस म्हणून सही माझी होती.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी आईसाठी सायच्या चार ट्यूबा पर्समध्ये टाकून घरी आणल्या. तेव्हा साय फक्त गिरण्यांतल्या आणि इस्पितळांतल्या कामगारांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळत होती. लहान मुलांशी संबंध येणाऱ्यांना द्यायची नाही, अशी अट होती. ती अट मला पाठ होती. पण आईचे हात मला त्याआधीपासून पाठ होते.

तीन आठवड्यांत चिरा मिटल्या. तिनं मला व्हिडिओ कॉल करून नुसते दोन्ही तळवे दाखवले, स्वतःचं तोंड दाखवायचं विसरली. मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. चार ट्यूबा होळीपर्यंत पुरल्या. त्यानंतरही हात चांगलेच राहिले, तेव्हा मला वाटलं कातडी बरी झाली, सुटलो.

त्या पावसाळ्यात कंपनीनं साय गुंडाळली. कारण असं निघालं की वर्षभर साय लावलेल्या कामगारांनी ती बंद केली की त्यांची कातडी आधीपेक्षा वाईट फुटायची. बाहेरून आयता गिलावा मिळतोय म्हटल्यावर आतल्या गवंड्यानं काम सोडलेलं असायचं. त्याला पुन्हा कामाला लावायला महिने जायचे. सगळा साठा नष्ट करायचा हुकूम आला. शेवटच्या बाटल्या मी माझ्या हातांनी वाफेच्या भट्टीत ठेवल्या आणि साय जगात कुठंही उरलेली नाही, अशा कागदावर सही केली. सह्या करण्यात मी तरबेज आहे.

त्यानंतर वर्षभरानं, आठवा महिना लागल्यावर, मी बाळंतपणाला कराडला आले. तन्मय, माझा नवरा, विशाखापट्टणमच्या बंदरात नोकरीला. त्याला सुट्टी बाळंतपणापुरतीच मिळणार होती. आई मला न्यायला स्टँडवर आली नाही. फोनवर म्हणाली, वेळ न्हाई गं, रिक्षा कर.

घरी आल्यावर कळलं की तिला कशालाच वेळ नव्हता. पहाटे पाचला बाहेर पडायची ती दुपारी दोनला परत यायची. पूर्वी सव्वा महिना झाला की घरं तिला साडीचोळी करून निरोप द्यायची. आता कोणी निरोप देतच नव्हतं. वर्षाची, सव्वा वर्षाची पोरं, घरभर पळणारी, त्यांनाही ती न्हाऊ घालत होती. कोल्हापूरला मामाच्या घरी वास्तुशांत झाली तेव्हा ती सकाळी जाऊन संध्याकाळी परतली होती. मी विचारलं, एवढ्या मोठ्या पोरांना अजून तू कशाला? ती हसली, म्हणाली सोडत न्हाईत मला. त्या हसण्यात कौतुक होतं, पण खाली बसताना तिनं कमरेला हात लावला तो मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दीक्षा शिंगटेकडे गेले. दीक्षा बँकेत आहे, तिचा अधिराज चौदा महिन्यांचा. न्हाणीघरात नवा हिटर होता. तो बाळाचं पाणी अडतीस अंशांच्या वर तापवायला साफ नकार द्यायचा, म्हणून आईचं पाणी स्वयंपाकघरात गॅसवर तापत होतं. आई पाटावर पाय लांब करून बसली आणि अधिराज आपणहून तिच्या पायांवर पालथा पडला. त्याची कातडी इतकी सुंदर होती की मला आधी आनंदच झाला. एक डाग नाही, एक पुरळ नाही.

दीक्षा सांगायला लागली. सव्वा महिन्यानंतर मावशी थांबल्या तर चार दिवसांत याचं अंग लाल झालं, सोललं, पाणी सुटलं. डॉक्टर झाले, मलमं झाली. शेवटी मावशींना बोलावलं तर आठवड्यात साफ. मग मावशी वर्षातून एकदा तुळजापूरला गेल्या, तर पुन्हा तेच. “त्यांचंच तेल बाटलीत भरून ठेवलं होतं, मी स्वतः चोळत होते,” ती म्हणाली, “पण नाही. मावशींच्या हातालाच गुण आहे.”

तिनं हे फार प्रेमानं सांगितलं. चार दिवस. हा आकडा मी छापून घेतला होता.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते. ट्यूबा संपून दीड वर्ष झालं. तो जीवाणू जगेल कशावर? ते आम्ल कातडीवर नसतं. दार उघडलं. रविवार होता. आईनं सकाळीच कढई चढवून झाकून ठेवली होती आणि घरभर तोच वास होता, ज्याच्यापासून मी बारा वर्षं पळाले होते.

मी फोनवर ते आम्ल शोधलं. निसर्गात ते जवळजवळ एकाच ठिकाणी सापडतं, मेथीच्या दाण्यात. ज्यांनी हे कुलूप बनवलं त्यांच्या देशात मेथी म्हणजे मसाल्याच्या कपाटातली एक लहानशी बाटली. मेथी अंगाला चोळतात, तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला चोळतात, रोज, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. त्या पत्रकावर सही करताना माझ्यासमोर ही कढई यायला हवी होती. मी ती कढई आयुष्यातून हद्दपार केली होती, म्हणून ती आली नाही.

डॉ. नसरीन मुल्ला कराडातल्या कातडीच्या डॉक्टर. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं आईच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे आम्हाला नंबर लावावा लागला नाही. मी दार लावून सगळं सांगितलं, ट्यूबांसकट. त्यांनी आईच्या हातावरून आणि दुसऱ्या दिवशी दोन बाळांच्या पाठीवरून कापसाचे बोळे फिरवून तपासणीला पाठवले. आठवड्यानं उत्तर आलं. साय जिवंत होती, आईच्या बोटांपासून कोपरापर्यंत, दाट.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते थोडक्यात असं. मोठ्या माणसाच्या धडधाकट कातडीवर इतर जीवाणूंची वस्ती आधीच असते, ती सायला शिरू देत नाही. म्हणून मला किंवा दीक्षाला काही झालं नाही. आईचे हात सोलवटलेले होते, तिथं जागा मिळाली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची कातडी तर रिकामीच जमीन असते, तिथं साय पहिल्याच आंघोळीत बसते. नंतर दुसरे जीवाणू येतात आणि तिला दोन-तीन दिवसांत हुसकावतात, म्हणून नुसतं तेल पुरत नाही. दर वेळी आईच्या हातानं नवी पेरणी लागते. खरं नुकसान वेगळंच होतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाची कातडी स्वतः सेरामाइड बनवायला शिकते. या मुलांना ते आयतं मिळालं. ती शिकलीच नाहीत.

“किती मुलं?” डॉक्टरांनी विचारलं.

आईनं बोटांवर मोजली. अकरा गावात. आणि एक हुबळीला, वडिलांची बदली झाली म्हणून गेलेलं. ते महिनाभर इस्पितळात होतं हे तिला फोनवर कळलं होतं. एक्झिमा म्हणून उपचार झाले, वाचलं. तेव्हा ती मारुतीला नारळ फोडून आली होती. आता ती खुर्चीत बसून आपले हात उलटसुलट करून बघत होती, जणू ते कोणीतरी तिच्याकडे ठेवायला दिले होते.

उपाय होता, पण लांबचा. आंघोळ एकदम बंद केली तर अकराही मुलं फुटणार. अंतर हळूहळू वाढवायचं. रोजची एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं करत दीड वर्ष. दोन आंघोळींच्या मधल्या दिवसांत साधं सेरामाइडचं मलम लावायचं. आतला गवंडी थोडा उपाशी राहिला की थोडा कामाला लागेल. फक्त त्यासाठी साय हवी. कंपनीनं साठा नष्ट केलेला, नव्यानं बनवायच्या परवानगीला वर्षं लागणार. जगात साय एकाच ठिकाणी शिल्लक होती.

“आणि माझं बाळ?” मी विचारलं.

डॉक्टर आईकडे न बघता म्हणाल्या, “मावशींनी त्याला सहा महिने हात लावायचा नाही. कपडे वेगळे धुवायचे, खोली वेगळी. त्यांच्या कातडीचा कोंडासुद्धा नको.”

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी आईशी जे बोलले त्याची मला लाज वाटते, पण सांगते. माझं म्हणणं होतं की आजच हात धुऊन टाक. डॉक्टरांकडून जंतुनाशक आणते, मेथी बंद कर, दहा दिवसांत साय मरेल. माझ्या तारखेला पाच आठवडे आहेत. तोवर तू साफ होशील आणि माझ्या बाळाला न्हाऊ घालशील. बाकीची पोरं डॉक्टरांकडे जातील. एक्झिमा आजकाल सगळ्यांनाच असतो, कोणाला कळणार आहे? ट्यूबा मी चोरल्या हे बाहेर आलं तर नोकरी जाईल, वर खटला होईल. मी हेही म्हणाले की आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घातलीस, आता एकदा तरी आपल्या घरचं बघ. ती दळण निवडत बसली होती.

माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “अधिराजला तुळजापुराहून आल्यावर बघितलं हुतं मी. पायावर घेतला तर त्याची साल माझ्या साडीला चिकटून निघाली. रडायचं बी बळ नव्हतं त्याला.” थोडा वेळ ती दाणे निवडत राहिली. “तुझं बाळ मला न्हाई मिळालं तर मी मरायची न्हाई, ऋतुजा.”

मग ती उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिली. नळाच्या आवाजात रडलं तर बाहेर ऐकू येत नाही असं तिला लहानपणापासून वाटतं. मला ते लहानपणापासून ऐकू येतं.

मला वाटलं होतं ती निदान गप्प राहून काम करेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांना बरोबर घेऊन अकरा घरी गेली. मी घरात येरझाऱ्या घालत होते. खिडकीतून खाली बघायचं, परत यायचं. माझ्या नावाचं काय सांगेल, हेच डोक्यात. ती दुपारी तीनला आली आणि माठातलं पाणी दोन तांबे प्यायली. तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या हाताला गुण न्हाई, हाताला लागण हाय. ट्यूब लेकीनं आणली, पण मी मागितली म्हणून आणली, असंही सांगून आली. ते खरं नव्हतं. तिनं कधीच काही मागितलेलं नाही.

मी कंपनीला सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं. राजीनामा मागायची त्यांना गरज पडली नाही, तोही सोबत जोडला होता. वकिलांच्या नोटिसा अजून येत असतात. त्या मी एका पिशवीत ठेवते.

घरांनी काय केलं? काही बायका ओरडल्या. एका आजोबांनी आईला जिन्यावरून खाली जायला सांगितलं आणि ती दोन पायऱ्या उतरल्यावर परत बोलावलं. कारण उद्या काय? परवा काय? दीक्षा सगळ्यात वाईट. ती ओरडली नाही. आईला ‘मावशी’ म्हणायची ती ‘तुम्ही’ म्हणायला लागली, नुसतं तुम्ही. रोज दार उघडायची, पाट मांडायची, पाणी ठेवायची आणि पूर्ण वेळ न्हाणीच्या दारात उभी राहून आईच्या हातांकडे बघत राहायची. पूर्वी चहा व्हायचा. तोही गेला.

त्यांना आई नको होती आणि आईवाचून चालणार नव्हतं. आईला ती घरं नको झाली होती आणि ती एक दिवस चुकवू शकत नव्हती. ताप आला तरी नाही. पेठेत पाणी शिरलं तरी नाही. रविवारी कढई चढायचीच, कारण आता तेल कमी पडून चालणार नव्हतं. गावाच्या वेशीबाहेर ती दोन दिवसांपेक्षा जास्त जाऊ शकत नव्हती, पुढचं दीड वर्ष. मी एकदा म्हणाले, आपण दोघी कैदेत आहोत. ती म्हणाली, तू कशानं? तू बाळंतीण व्हायची हायस. मला तिला सांगता आलं नाही की तिच्या प्रत्येक फेरीला दार लागल्याचा आवाज माझ्या छातीत होतो.

मुलगी झाली. तन्मय आला, पंधरा दिवस राहिला, गेला. आईनं आपला बिछाना बाहेरच्या खोलीत नेला. आमच्या खोलीच्या उंबऱ्याला मी मुद्दाम काही खूण केली नव्हती, पण ती त्याच्या आत पाऊल टाकत नसे. बारशाला गावातल्या बायका बाळाला हातावरून हातावर फिरवत होत्या आणि ती स्वयंपाकघरात घुगऱ्या वाढत होती. तिचा पदर हातांभोवती गुंडाळलेला होता, थंडीत एसटीत बसायची तसा.

तन्मय गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा एकटीनं बाळाला न्हाऊ घालायला बसले. तोवर दवाखान्यातली नर्स येत होती, ती पाण्याच्या टबात बुचकळून काढायची. आईनं ते दुरून पाहिलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं होतं. पाट मांडला, पाय लांब केले, साधं खोबरेल वाटीत घेतलं. मेथीचा वास नव्हता. मला तो नसल्याचं जाणवलं, आणि त्याचंही नवल वाटलं.

आई न्हाणीच्या दारापासून चार हात लांब, भिंतीला टेकून बसली. तिची शिंगट्यांकडे जायची वेळ झाली होती. पिशवीत तेलाची बाटली भरलेली होती.

बाळ पायांवर ठेवलं आणि ते निसटायला लागलं. आईचा उजवा हात आपोआप पुढं झाला, अर्ध्यात थांबला आणि परत पदरात गेला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

“पाय जुळवून घे,” ती म्हणाली. “खड्डा झाला पायजे मधी. डोकं पावलांकडं. हां. पाणी कोपरानं बघ, बोटानं न्हाई, बोट फसवतं.”

तिनं सांगायचं आणि मी करायचं. छातीवर कसं चोळायचं, पाठीच्या मणक्याला धक्का न लावता दोन्ही बाजूंनी कसं उतरायचं, नाकाला कसं धरायचं, तांब्या किती उंचीवरून रिता करायचा. सगळं तिनं शब्दांत सांगितलं, जे तिनं कधीच शब्दांत केलं नव्हतं. मधेच अडखळायची, स्वतःच्या मांडीवर हातानं करून बघायची आणि मग सांगायची. पोरगी भोकाड पसरून रडत होती. हळूहळू माझ्या पायांमधला खड्डा जमला आणि रडणं उतरलं. तिच्या पाठीवरून माझा तळवा एकसारखा फिरायला लागला तेव्हा आई काही बोलायची थांबली.

मग तिनं विचारलं, “हाताला कशी लागती गं?”

खोटं बोलावंसं वाटलं. लोण्यासारखी लागते म्हणावं, तिच्या हातच्या बाळांसारखी. पण आता या घरात आणखी एक खोटी सही नको होती.

“खरखरीत आहे,” मी म्हणाले. “मनगटाशी साल निघतीय. पोटावर कोरडी.”

आईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं तिला वाईट वाटलं. मग पाहिलं तर ती हसत होती, गालांवरून पाणी ओघळत असतानाही.

“मग बरोबर हाय,” ती म्हणाली. “तिचं ती करतीया.”

ती भिंतीला धरून उठली, पिशवी उचलली. टॉवेल शेकून घे, धुरीला ओवा जास्त टाकू नको, असं पाठमोरी सांगत गेली. बाहेरचं दार लागलं. दीक्षानं आतापर्यंत पाट मांडला असेल.